मागच्या सीटला ब्रेक नसतो

मित्रांनो, मी एक जुनी जोडसायकल आहे. सीट दोन, हँडलं दोन, पायडलांच्या जोड्या दोन, चाकं मात्र चारचौघींसारखी दोनच. एका जागी उभं राहणं मला मुळीच जमत नाही. म्हणून माझी गोष्टही मी भराभर सांगणार आहे, मध्येच अडवू नका.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. एका वेल्डरने दोन मोडक्या सायकली कापल्या आणि त्यांची मी एक झाले. शेजारपाजारचे पोट धरून हसले. त्याने तिकडे लक्षच दिलं नाही. बायकोला मागे बसवलं आणि मला थेट समुद्राच्या बांधावर नेलं.

हा बांध म्हणजे माझं सगळं आयुष्य. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला सपाट कुरणं आणि मधून फक्त सायकलींसाठी केलेला रस्ता. चढ नाही, उतार नाही. रस्त्याच्या तोंडाशी तीन लोखंडी खांब रोवले आहेत, त्यामुळे मोटार आत शिरू शकत नाही. स्कूटर शिरू शकते, पण तिला सायकलवाल्या मावशी शिरू देत नाहीत. एकोणीस किलोमीटरवर भरतीचं पाणी अडवणारा मोठा दरवाजा आहे, तिथे रस्ता संपतो.

मावशींचं भाड्याच्या सायकलींचं दुकान त्या खांबांपाशीच आहे. वेल्डर थकला तेव्हा त्याने मला त्यांच्याकडे दिलं. काय दिवस होते ते! नवी लग्नं झालेली जोडपी यायची, बहिणी-बहिणी यायच्या. माझ्यावर बसण्याआधी मावशी प्रत्येकाला एकच धडा द्यायच्या. दोन्ही ब्रेक पुढच्या हँडलला आहेत. मागच्याला समोरचं काही दिसत नाही, म्हणून पुढच्याने तोंड चालू ठेवायचं. वळण आलं, खडी आली, थांबतोय, सगळं आधी सांगायचं. मागच्याने ऐकायचं आणि पाय चालू ठेवायचे. एकदा एक नवरा-बायको अबोला धरून निघाले, ते तिसऱ्या किलोमीटरला कुरणात जाऊन पडले. तिथे मात्र दोघांनाही भरपूर बोलायला सुचलं.

मग बॅटरीच्या सायकली आल्या. ज्याला त्याला आपापली वेगळी हवी. मी दुकानाच्या मागच्या भिंतीला टेकून उभी राहिले. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. चेन गंजली, पुढच्या चाकात कोळ्याने जाळं केलं. समोरून दुसऱ्या सायकली सुटताना ऐकल्या की माझा जीव नुसता वरखाली व्हायचा. आणि एक दिवस मावशी कुणाला तरी म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात हिला मधोमध कापून घेते. दारात कुंड्या ठेवायला बरं स्टँड होईल." मित्रांनो, मला फुलं आवडतात, पण इतकी नाही.

त्याच आठवड्यात एक मुलगी दुकानात आली. ती पुलांचे आराखडे काढायचं काम करायची. सायकल घ्यायला आली होती, पण एकही धड बघेना. दारापर्यंत जायची, परत यायची, फोन काढायची, ठेवायची.

"तुला नक्की काय हवंय?" मावशींनी विचारलं.

तेव्हा तिने सगळं सांगितलं. तिला लांबच्या शहरात मोठ्या पुलाचं काम मिळत होतं. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. घरी ती आणि बाबा, दोघंच. बाबांनी एकतीस वर्षं बस चालवली. मग डोळे गेले. आता उजेड आणि सावली, एवढंच कळायचं. आठ महिने ते जिना उतरले नव्हते. दिवसभर पलंग ते खिडकी आणि खिडकी ते पलंग अशा येरझाऱ्या घालायचे. त्यांच्या बसवरचे जुने कंडक्टरकाका दर रविवारी भेटायला यायचे, तर बाबा आतूनच सांगायचे, झोपलोय म्हणून सांग.

"त्यांना असं टाकून मी कशी जाऊ, मावशी? सोमवारी नाही म्हणून कळवणार आहे."

मावशींनी माझ्याकडे बोट केलं. "शनिवारी त्यांना घेऊन ये. कापायच्या आधी हिलाही एकदा फिरू दे."

शनिवारी सकाळी दोघं आली. तिने त्यांना कसं उतरवलं ते तिचं तिला ठाऊक, पण बाबा धुसफुसतच होते. मावशींनी मला तेल दिलं होतं, हवा भरली होती. बाबांनी चाचपत माझी सीट शोधली, मग हँडल, मग ब्रेक. बरोबर पुढे जाऊन उभे राहिले आणि ब्रेक दोनदा दाबून बघितले. मोठा रुंद, घट्ट हात होता तो. मला तो फार आवडला.

"बाबा, तुमची सीट मागे आहे."

"मागे बसायला मी काय प्रवासी आहे?"

"पुढे बसा की," मावशी म्हणाल्या. "समुद्र हाताशीच आहे."

बाबांनी ब्रेक सोडले. मागे येऊन बसले.

आम्ही निघालो. अहाहा, मित्रांनो, दोन वर्षांनी माझ्या चाकांखालून रस्ता सरकत होता. पण मागे बाबा क्षणभर स्वस्थ नव्हते. हँडल पिळायचे, मान वळवायचे, कान द्यायचे.

"गाड्या कुठे गेल्या?"

"इथे गाड्यांना बंदी आहे, बाबा."

"म्हणजे समोरून कुणीच येणार नाही?"

"कुणीच नाही," ती म्हणाली आणि दुसऱ्याच क्षणाला ओरडली, "बदकं!"

बाबांचा उजवा पाय खाडकन खाली गेला आणि तिथेच ताठ झाला. एकतीस वर्षांची सवय. बसमध्ये तिथे ब्रेक असतो. माझ्यात तिथे पायडल आहे, आणि पुढची-मागची पायडलं एकाच चेनने बांधलेली आहेत. मुलीचा पाय हिसका बसून सुटला, तोल गेला आणि आम्ही तिघंही गवतात आडवे झालो. बदकं शांतपणे पाण्यात उतरली.

"ब्रेक का लागला नाही?" बाबा चिडून म्हणाले.

"ब्रेक माझ्याकडे आहे, बाबा. मागच्या सीटला ब्रेक नसतो."

बाबा गवतात बसून राहिले. कोपर खरचटलं होतं, ते चोळत होते. मला वाटलं, संपलं. आता हे परत फिरणार, पलंग ते खिडकी सुरू होणार, आणि माझ्या कुंड्या ठरलेल्या. मग ते बोलले, पण आवाज वेगळाच होता.

"रोज पन्नास-साठ माणसं माझ्या मागे बसायची. त्यांच्यातल्या एकाकडेही ब्रेक नव्हता. तरी निम्मी डोळे मिटून झोपायची."

मुलीने मला उभं केलं. तिने त्यांचा हात धरून माझ्या मागच्या सीटवर ठेवला.

"नुसतं बदकं म्हणू नकोस," ते बसता बसता म्हणाले. "किती लांब आहेत आणि तू काय करणार आहेस, तेही सांग."

मग ती सांगत गेली. पन्नास पावलांवर वळण, डावीकडे घेतेय. पुढे खडी, हळू करतेय. बाबांचे पाय सैल झाले आणि मी अशी पळाले की विचारू नका! पाण्याचा दरवाजा कधी आला ते कळलंच नाही. खरं तर तिथेच आमचं चुकलं होतं. सपाट मुलखात चढ नसतो, पण वारा असतो, आणि जाताना तो आमच्या पाठीशी होता. नवखा माणूस हुरळतो आणि सगळं बळ आपल्याच पायांचं समजतो.

परतताना वारा तोंडावर आला. पाच किलोमीटरमध्ये मुलीला धाप लागली. तिने मला थांबवलं आणि फोन काढला. "टॅक्सी बोलावते."

"कुठे बोलावतेस? इथे गाड्यांना बंदी आहे ना?" बाबा म्हणाले.

फोन खिशात गेला. पुढचे चौदा किलोमीटर मला कोणी ओढलं म्हणाल, तर बाबांनी. "डावा कान गार पडतोय, वारा तिकडून आहे. तू खाली वाक, पाय नुसते फिरव, जोर मी लावतो. पण बोलत राहा." ती धापा टाकत बोलत राहिली. तिच्या पाठीमागे एक माणूस आठ महिन्यांचं बसणं पायांतून काढून टाकत होता, आणि माझी चेन आनंदाने करकरत होती.

दुकानापाशी उतरल्यावर बाबा घामाने निथळत होते. हात अजून माझ्या मागच्या हँडलवर होता.

"सोमवारी हो म्हणून कळव," ते म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"मी मागे बसेन. पुढे बसणारा उद्या घरी येईलच. या खेपेला झोपलोय म्हणून सांगू नकोस."

मुलगी तिथेच, सगळ्यांसमोर रडली. मावशींनी तिला पाणी दिलं. कापण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

आता ती मुलगी दूर पूल बांधते. दर रविवारी कंडक्टरकाका येतात आणि माझ्या पुढच्या सीटवर बसतात. बडबडीचं त्यांना सांगावं लागत नाही. बाबांनी मावशींकडून माझ्या मागच्या हँडलला घंटी बसवून घेतली. पहिल्या दिवशी ते काकांना म्हणाले, "एकवीस वर्षं तू घंटी दिलीस आणि मी गाडी सोडली. आता मी देतो, तू सोड."

मित्रांनो, तुमच्याही घरात भिंतीला टेकवून ठेवलेली एखादी सायकल असेल. एखादं माणूसही असेल. दोघांनाही गंज चढतो आणि दोघांचाही जीव आत येरझाऱ्या घालत असतो. सायकलला तेल द्या. माणसाला मागची सीट दिलीत तरी चालेल, पण पुढचं सगळं त्याला सांगत राहा, आणि जोर त्यालाही लावू द्या.

आणखी पुष्कळ सांगायचं होतं. पण आज रविवार आहे आणि मागून दोनदा घंटी वाजली आहे. निघते मी.