शिट्टीला नातं नसतं

पंचशीलाच्या गळ्यात शिट्टी होती आणि पोटात गोळा. शिट्टी सकाळपासूनच होती. गोळा मात्र फळ्यावर सामन्यांच्या जोड्या लिहिल्या गेल्या तेव्हा आला. दुसरा उपांत्य सामना भालकी विरुद्ध औराद, आणि पूर्वेकडच्या बाजूच्या रेषेवर पंच म्हणून तिचं नाव.

भालकीच्या कॉलेजकडून तिचा धाकटा भाऊ राजपाल खेळत होता. नुसता खेळत होता असं म्हणणं म्हणजे त्याच्यावर अन्याय. चढाईला तो गेला की समोरची पोरं आधी मागे सरायची आणि मग विचार करायची, कामून सरलो म्हणून.

पंचशीला बीदरला बी.पी.एड.च्या शेवटच्या वर्षाला होती. त्या वर्षी प्रत्येकाला एक खेळ निवडून त्याच्या पंचगिरीचं प्रात्यक्षिक द्यावं लागतं. वर्गातल्या बाकीच्या मुलींनी शहाणपणानं थ्रोबॉल घेतला. थ्रोबॉलमध्ये दोन संघांच्या मध्ये जाळी असते, कोणी कोणाच्या अंगावर येत नाही आणि पंचाचा उद्धार करावा इतका कोणाला राग येत नाही. हिनं कबड्डी घेतली. लहानपणी गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत राजपालला चढाई तिनंच शिकवली होती, त्यामुळे दुसरं काही घेणं तिला सुचलंच नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात. ते प्रात्यक्षिकाच्या दिवशी चुकतं करावं लागतं, एवढंच कोणी सांगत नाही.

आणि प्रात्यक्षिकही लुटुपुटूचं नव्हतं. पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या कॉलेजांची जिल्हा स्पर्धा यंदा त्यांच्याच मैदानावर होती. खरे सामने, खरे संघ, आणि रेषांवर हे शिकाऊ पंच. जो संघ ही स्पर्धा जिंकेल तो विभागीय स्पर्धेसाठी कलबुर्गीला जाणार.

हे कलबुर्गी पंचशीलाच्या घरात गेलं वर्षभर जेवणाच्या ताटावर येऊन बसलं होतं. वडील भीमराज हायस्कूलात गणित शिकवायचे. गावात त्यांना अप्पागुरुजी म्हणत, घरात नुसतं अप्पा. राजपालला दहावीत गणितात उत्तम मार्क पडले, तेव्हा अप्पांनी मनातल्या मनात त्याला इंजिनिअर करून टाकलं. पण सायन्सची प्रयोगशाळा दुपारी आणि कबड्डीचा सरावही दुपारीच. राजपालनं आर्ट्स घेतलं. अप्पा पंधरवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत. मध्ये पडली ती पंचशीला. खेळावरही पोरं उभी राहतात, अंगात असलेली गोष्ट मारून टाकू नका, असं तिनं परोपरीनं सांगितलं. शेवटी अप्पांनी हिशेबी माणसासारखी अट घातली. बारावीपर्यंत संघ कलबुर्गीला पोचला तर राजपालनं पुढं डिग्रीला जावं आणि खुशाल खेळावं. नाही पोचला तर डी.एड. करायचं आणि मैदानाचं नाव काढायचं नाही.

"एका घरात एक शिट्टी पुरे हाय," असंही ते म्हणाले होते.

राजपालची बारावी चालू होती. म्हणजे हीच शेवटची संधी. आणि जन्मात कधी कबड्डीचा सामना न बघितलेले अप्पा आज अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले होते. पायऱ्यांवर छत्री उघडून, परीक्षेच्या पर्यवेक्षकासारखे ताठ बसले होते.

पंचशीला सरळ ज्योत्स्ना मॅडमकडे गेली. मॅडम तिच्या वर्गाला खेळांचे नियम शिकवायच्या आणि आजच्या प्रात्यक्षिकाचे गुणही त्याच देणार होत्या. भालकीच्या संघात माझा सख्खा भाऊ आहे, मला दुसरा सामना द्या, असं तिनं सांगितलं. मॅडमनी तिच्याकडे चष्म्यावरून बघितलं. इथं दर दुसरा खेळाडू कोणाचा ना कोणाचा भाऊच आहे, उद्या नोकरीला लागल्यावर आपल्याच शाळेचा सामना आला तर काय करशील, असं त्यांनी विचारलं.

"शिट्टीला नातं नसतं," मॅडम म्हणाल्या. "वर्गात काय सांगितलंय? खेळाडू बघायचा नाही. रेषा बघायची. जा."

ती गेली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली होती.

मैदान बीदरच्या लाल मातीचं. सकाळीच पाणी मारून दाबलेलं, आणि त्यावर चुन्याच्या फक्कीनं आखलेल्या पांढऱ्या रेषा. पोरं अनवाणी खेळत होती. पहिला डाव नीट गेला. राजपाल चढाईला आला की ती श्वास रोखायची, तो परत गेला की सोडायची. म्हणजे दम त्याचा आणि धाप हिला.

मध्यंतरानंतर औरादचा एक गडी चढाई करताना तिच्या बाजूनं निसटला आणि त्याचा पाय रेषेबाहेर पडला. उघड बाहेर पडला होता. तिनं शिट्टी मारली, भालकीला गुण मिळाला. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "अरे, अंपायर तो बहन है उसकी."

बोलणारा सहज बोलला असेल. पण ते वाक्य माशीसारखं तिच्या कानाशी घोंघावत राहिलं. दोनचार पोरं हसली. औरादच्या मास्तरांनी वळून तिच्याकडे बघितलं, मग राजपालकडे बघितलं. नाकडोळे सारखेच, लपवणार कुठं? तिला वाटलं, आता आपण काहीही दिलं तरी लोक तेच म्हणणार. आणि मॅडमही पलीकडून आपल्यालाच बघतायत, हेच तपासायला त्यांनी आपल्याला इथं उभं केलंय. शिट्टी ओठांतच राहिली, बाहेर निघेना.

शेवटच्या मिनिटाला भालकी एका गुणानं मागं होती आणि शेवटची चढाई राजपालची होती. सगळं मैदान उभं राहिलं. अप्पासुद्धा उभे राहिले, छत्री मिटायची विसरून.

तो आत शिरला. डावीकडच्या गड्याला पायानं शिवला, वळता वळता मधल्याच्या खांद्याला हात लावला. दोन गुण. आता फक्त मध्यरेषा गाठायची होती. पण कोपऱ्यातला दांडगा गडी त्याला अडवत पूर्वेकडे लोटत आला आणि राजपाल पंचशीलाच्या रेषेच्या कडेकडेनं, तिच्याच दिशेनं पळत आला. त्याचं तोंड तिला दिसलं. लहानपणी पडता पडता सावरताना व्हायचं तसंच झालेलं. गेला, आता गेला, पाय पडला, लोक काय म्हणतील, अप्पा, मॅडम, असं सगळं एकदम तिच्या डोक्यात आलं.

शिट्टी वाजली. आधी वाजली, आणि मग तिला कळलं की ती आपणच वाजवली.

तिचा हात बाहेरच्या बाजूला गेला होता. चढाईपटू बाद. दोन्ही गुण गेले, उलट औरादला एक मिळाला. सामना संपला.

भालकीचा कॅप्टन तिच्या अंगावरच धावून आला. राजपालनं त्याला मागून कंबरेला धरून ओढलं. फक्त एकदा तिच्याकडे बघितलं, आणि कॅप्टनला घेऊन गेला. ती नजर रागाची असती तर बरं झालं असतं.

मग कौतुक सुरू झालं. ज्योत्स्ना मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या की सख्ख्या भावाला शेवटच्या चढाईत बाद द्यायला काळीज लागतं, पंच असावी तर अशी. पैकीच्या पैकी गुण दिले, आणि अंतिम सामन्यालाही हीच उभी राहील असं सांगून टाकलं. औरादचे मास्तर येऊन "शाब्बास बेटी" म्हणून गेले. मैत्रिणींनी पाठ थोपटली. पंचशीला हसत होती. पण तिचे डोळे पुन्हा पुन्हा त्या रेषेकडे जात होते.

अप्पा पायऱ्या उतरून आले. त्यांचे डोळे भरले होते. पोरीला कधी तोंडावर चांगलं न म्हणणारा माणूस तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "आज मला तुझा लई अभिमान वाटायलाय, शीला. माझी लेक खोटं बोलली न्हाई." आणि मग, तोच हात खाली घेत, त्यांनी हलक्या आवाजात सांगितलं की राजपालचं काय ते ठरलंच आता, डी.एड.ची चौकशी उद्याच करतो.

तिला तिथं उभं राहवेना. पाणी पिऊन येते म्हणून ती मैदानाच्या टोकाला नळाकडे गेली. तिथं राजपाल एकटाच ओट्यावर बसून पाय धुवायच्या तयारीत होता. नळ अजून सोडला नव्हता. दोन्ही तळवे वर होते. टाचेपासून बोटांपर्यंत लालभडक मातीनं माखलेले, ओल्या मातीचा थर जसाच्या तसा बसलेला.

पांढरं काही नव्हतं. ना टाचेला, ना कडेला, ना अंगठ्याला. फक्कीची रेषा जाड होती आणि दमट होती. सकाळी तिच्या स्वतःच्या बुटाची नुसती कड लागली तर चुना पुसून निघेना. त्याच्या पायाला कणभर चुना नव्हता.

राजपालनं तिची नजर कुठं आहे ते बघितलं, आणि झटकन नळ सोडला. लाल पाणी ओट्यावरून वाहून गेलं.

"पाय पडला न्हवता," ती म्हणाली.

तो पाय चोळत राहिला.

"राजू, बोल की. पडला न्हवता ना?"

"तू रेषेकडं बघतच न्हवतीस, अक्का," तो म्हणाला. "माझ्या तोंडाकडं बघायलतीस."

ओरडला असता, शिव्या दिल्या असत्या, तर तिनं ऐकून घेतल्या असत्या. त्याचा आवाज मात्र नेहमीसारखाच होता, फक्त थकलेला. मग कामून बोलला न्हाईस, मॅडमना कामून सांगितलं न्हाईस, असं तिनं विचारलं.

"पंचाशी वाद घालायचा न्हाई," तो म्हणाला. "तूच शिकवलंस की."

त्याला तिथंच सोडून ती माघारी वळली. मैदान ओलांडताना तिला वाटलं, नाही सांगितलं तर कोणाला कळणार आहे? त्याचे पाय आता स्वच्छ झाले. तो सांगणार नाही. गुण पडलेत, कौतुक झालंय, अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलंय. वीस वर्षांत एकदा आलेलं पाणी. तेच आठवलं आणि तिला स्वतःची किळस आली. ते पाणी आपलं नव्हतंच. ते राजपालच्या वाट्याचं होतं.

अप्पा पायरीवर छत्री बांधत होते. ती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं. पाय पडला नव्हता. मी रेषा बघितलीच नाही. लोक म्हणतील बहिणीनं भावाला वाचवलं, या भीतीनं मी त्याला बुडवलं. खोटं बोलले नाही, पण खरंही बघितलं नाही.

छत्रीचा पट्टा अप्पांच्या बोटांत तसाच राहिला. नळाकडून राजपाल येत होता, त्याच्याकडे त्यांनी बघितलं, आणि तो जवळ येईपर्यंत थांबले.

"पेपरात प्रश्नच चुकलेला असला," ते शेवटी म्हणाले, "तर आमी पोराचे मार्क कापत न्हाई. पुरे मार्क देताव." मग पंचशीलाकडे वळून म्हणाले, "पर चूक काढणाऱ्यानं ती वरच्याला कळवावी लागती. जा, सांगून ये."

डी.एड.चा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. राजपालला ते उमगायला थोडा वेळ लागला. उमगलं तेव्हा तो मान खाली घालून पायाची ओली बोटं बघत बसला.

ज्योत्स्ना मॅडमना तिनं सगळं सांगितलं. मॅडमनी मध्ये एकदाही अडवलं नाही. सामन्याच्या मुख्य पंचांनी निकालावर सही केली आहे, तो आता बदलत नाही, औराद अंतिम सामना खेळणार, एवढं त्यांनी कोरडेपणानं सांगितलं. ते तिला माहीत होतं. कलबुर्गी गेलं ते गेलंच. मॅडमनी तिच्या नावापुढचे गुण खोडले आणि जागा रिकामी ठेवली. तिनं गळ्यातली शिट्टी काढून पुढं केली. मॅडमनी हात पुढं केला नाही.

"अंतिम सामना आहे," त्या म्हणाल्या. "त्याच रेषेवर उभी राहा."

ती उभी राहिली. मागच्या पायरीवर दोघं येऊन बसल्याचं तिला आवाजावरून कळलं. सामना सुरू झाला, औरादचा गडी चढाईला निघाला, आणि तिच्या पाठीमागून अप्पांचा आवाज आला. वर्गात कच्च्या पोरानं विचारावं तसे ते राजपालला दबकत विचारत होते, "त्यो बोनस म्हंजे काय असतंय रे?"

तिला मागे वळून बघावंसं वाटलं. फार वाटलं. ती वळली नाही, रेषेकडे बघत राहिली.