पिवळं बाळ पिवळंच दिसावं

खट्! दुपारच्या शांत घरात स्टॅबिलायझर असा वाजला की मी जागा व्हायचो. मित्रांनो, मी एक जुना फिल्म रेकॉर्डर आहे. नाशिकला, इंदिरानगरच्या एका फ्लॅटमध्ये, आतल्या खोलीत राहतो. संगणकावरचं चित्र फिल्मवर उतरवायचं, हे माझं काम. माझ्या पोटात एक छोटा पडदा आहे, त्याच्यासमोर कॅमेरा, आणि मध्ये लाल, हिरवी, निळी काच. एकच चित्र तिन्ही काचांतून टिपलं की प्रोजेक्टरवर दाखवायची रंगीत स्लाइड तयार.

माझी मालकीण पल्लवी. तिची रोशनी तेव्हा तान्ही होती. ती निजली की पल्लवी माझ्याकडे यायची. फिल्मचा नवा डबा उघडला की आधी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करड्या पायऱ्यांची एक पट्टी काढायची, हा तिचा नेम. करडा करडाच आला तर बाकीचे रंग खरे. पट्टी फार गडद नको, फार फिकीही नको.

१९९८ साली बालरोगतज्ज्ञ डॉ. अहिरे आले. पेठ तालुक्यातल्या अंगणवाडीताईंना नवजात बाळाची कावीळ ओळखायला शिकवायचं होतं, तेही दुसऱ्याच दिवशी. त्यांच्याकडे दोन फोटो होते. एक बाळ निरोगी, एक कावीळ झालेलं. बाळं कोणाची, कुठली, ते आम्हाला ठाऊक नव्हतं. डबा नवा आणि घाई फार, म्हणून पट्टी आणि स्लाइड एकाच रोलवर काढल्या. पल्लवीचा नवरा मनोज तो लॅबमधून धुऊन घेऊन आला.

"छान आल्यात की! द्या बांधून," डॉक्टर म्हणाले.

"डॉक्टर, दोन्ही बाळं पिवळी दिसतायत."

"तुमच्या ट्यूबलाइटचा दोष असेल हो, पल्लवीताई."

"म्हणजे ट्यूबलाइटला कावीळ झाली?" पल्लवीने पट्टी त्यांच्यापुढे धरली. "हा करडा आहे? हा तर चहा आहे."

डॉक्टरांचं हसू थांबलं. "मग या नकोतच. ह्या बघून ताई म्हणतील, सगळीच बाळं अशी असतात. आणि खरं आजारी बाळ घरीच राहील."

पल्लवीने माझा निळा प्रकाश वाढवला. मनोजने नवा रोल धुऊन आणला, तर निळा जरा जास्तच झाला होता. आजारी बाळ एकदम ठणठणीत दिसायला लागलं! ते तर आणखी वाईट. पल्लवीने निळा थोडा उतरवून पट्टी आणि स्लाइड पुन्हा काढल्या. "आता लॅबवाला मला पानच वाढेल," असं पुटपुटत मनोज पुन्हा स्कूटरवर निघाला. मध्येच रोशनी उठली. मनोज परतल्यावर तिला मांडीवर घेऊन पल्लवीने नव्या पट्टीची घनता, म्हणजे कुठला रंग किती दाट आलाय ते, मोजली. या वेळी पायरीपायरीला तिन्ही रंगांचे आकडे जुळले. एक बाळ निरोगी दिसलं, एक पिवळं. संध्याकाळी डॉक्टर स्लाइड घेऊन गेले.

पुढे प्रोजेक्टर थेट संगणकालाच जोडायला लागले आणि मला काम उरलं नाही. माझी तक्रार नाही. एवढंच सांगतो मित्रांनो, यंत्र जुनं असो की नवं, ते दाखवतं तो रंग खरा का, हे आधी तपासा. आणि माझ्यासारख्यावरची धूळ अधूनमधून पुसा.

पल्लवी पुसते. परवा ती पुसत असताना सहा वर्षांची रोशनी जादा काढलेल्या स्लाइड खिडकीशी धरून बघत होती.

"आई, हे बाळ पिवळं का गं?"

"त्याला कावीळ झाली होती."

पल्लवीने फडकं झटकलं. रोशनीने स्लाइड आणखी डोळ्यांजवळ नेली.

"मग बरं झालं का ते?"