वीस मिनिटांचं काम

“आज सासूबाईंनी जोरात चिमटा काढला,” आई हसत म्हणाली. पण पाण्याचा पेला तिने डाव्या हाताने उचलला. उजवा हात मांडीवर पडून होता आणि त्याची बोटे आपोआप उडत होती.

सासूबाई म्हणजे तिच्या कारखान्यातले बाटल्या धुण्याचे मशीन. एकोणीस वर्षे ती त्यावर काम करत होती. गेले दोन महिने त्याच्या पत्र्यात करंट उतरत होता. बायकांनी सांगून पाहिले. “बघू,” एवढेच उत्तर मिळाले. मग त्यांनी कुठूनशी एक लाकडी फळी आणली, मशीनला नाव ठेवले आणि कामाला लागल्या. फळीवर उभे राहिले की हाताला नुसत्या मुंग्या येत. आज हात काढायच्या आधीच आई फळीवरून उतरली होती.

“उद्या जायचं नाहीस तू,” मी म्हणाले.

“आणि घरी बसून काय करू? तुझं तोंड बघू?”

सकाळी मी तिच्याबरोबर निघाले. “माझी शोभा करू नकोस तिथं,” म्हणत ती दहा पावले पुढे चालत होती.

सुपरवायझर तसा वाईट माणूस नव्हता. “अर्थिंगची वायर तुटली असणार, ताई. ऑर्डर निघू दे, रविवारी वायरमन बोलावतो.”

“तोवर मशीन बंद ठेवा.”

“मालकांना तुम्ही सांगता का तसं?”

“मग निदान आईला तिथे उभं करू नका.”

त्याने आईकडे पाहिले. “बरं. मावशी, आजपासून लेबलं लावायला बसा.”

मी सुटकेचा निःश्वास टाकून ऑफिसला गेले. मला एवढेच हवे होते. आपण फक्त एवढेच मागितले, याचा विचार मी नंतर पुष्कळ केला.

जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन आला. “झालं समाधान? बालवाडीतल्यासारखी चिकटवत बसलेय.” मी हसले. मग तिचा आवाज खाली आला. “माझ्या जागेवर नवी बाई दिलीय. परवाच लागलीय. तिला कुणी काही सांगितलेलं दिसत नाही गं.”

“सुपरवायझर सांगेल. तू तिकडे जाऊ नकोस.”

“नुसतं सांगून येते.”

“आई, त्या मशीनजवळ जायचं नाही. माझी शपथ आहे.”

“बरं बाई,” ती म्हणाली आणि फोन ठेवला. ‘बरं बाई’ म्हणजे ती ऐकणार नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक होते.

मी परत फोन लावला. सात वेळा लावला. नुसती रिंग वाजत राहिली. आठव्यांदा तो उचलला गेला. आवाज आईचा नव्हता.

इस्पितळाच्या व्हरांड्यात त्या नव्या बाईने मला सांगितले. ती वयाने माझ्या आईएवढीच होती. “मी ओल्या फरशीवरच उभी होते. त्या आल्या नि म्हणाल्या, आधी वर चढ. फळी एकच होती. मला चढवलं, स्वतः खाली राहिल्या. कुठं हात लावायचा नाही ते दाखवत होत्या. पाय सरकला त्यांचा आणि सावरायला त्यांनी मशीनच धरलं.” ती थांबली. “मी ओढायला गेले. मागून कुणीतरी ओरडलं, हात लावू नको, मेन पाड. मेन स्विच कुठं असतो तेच मला माहीत नव्हतं हो.”

आई गेल्यानंतर पाचव्या दिवशी मी तिचे सामान आणायला कारखान्यात गेले. सुपरवायझरने मशीनवर दोन्ही तळहात ठेवून दाखवले. “बघा ताई, आता काही नाही. वायर जोडून घेतली.”

“किती वेळ लागला?”

त्याने मशीनवरचे हात काढून घेतले. शेजारी काम करणारी बाई म्हणाली, “वीसेक मिनिटं.”

“मला इथे तेवढा वेळ उभं राहायचंय,” मी म्हणाले.

त्याने नाही म्हटले नाही. नव्या बाईने मशीन बंद केले. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी राहिले. कुणी जागचे हलले नाही. जाळीत उलट्या ठेवलेल्या बाटल्यांतून पाणी ठिबकत होते. ते थांबायच्या आतच वीस मिनिटे संपली.