काजातून आलेला रस्ता

आमच्या घरात बाप-लेकीचं बोलणं माझ्या तोंडून चालतं. दादा जेवता जेवता म्हणणार, "तुझ्या भाचीला सांग, पंखा बंद कर." भाची म्हणजे त्याचीच सख्खी मुलगी, आणि ती त्याच्या समोरच बसलेली. ती म्हणणार, "आत्या, बाबांना सांग, मला उकडतंय." मी मधल्या मधे पोस्ट ऑफिस. अगदी वीट आला होता मला.

खारू हे तिचं घरातलं नाव. वहिनी गेल्या तेव्हा एवढीशी होती, तेव्हापासून मीच वाढवली तिला. दादा धरून चालला होता की ती त्याचं बॅगांचं दुकान सांभाळेल. ती गेली प्रकाशाचा अभ्यास करायला, आणि परत आली ती डोक्यात संग्रहालय घेऊन. भर बाजारात टेलिफोन ऑफिसची इमारत बंद पडली आहे. तिथे विज्ञान आणि कला एकाच छताखाली आणायची, पोरांनी हात लावून बघायचं, कोणी ओरडायचं नाही, असं काहीतरी. नगरपालिका तयार होती, पण बाजारातल्या लोकांचा पाठिंबा हवा म्हणाली. व्यापारी संघ हो म्हणाला तर संग्रहालय, नाही म्हणाला तर पार्किंग. आणि संघाचा अध्यक्ष कोण, तर आमचा दादा.

नाही झालं तर खारू लांबची नोकरी घेणार होती. सामान बांधून ठेवलं होतं, बॅग दादाच्याच दुकानातली. मला संग्रहालयातलं काय कळतंय, मी पडदे शिवते. मला पोरगी जायला नको होती, एवढंच. खोटं कशाला बोलू?

संघाची बैठक माझ्या दुकानात ठेवायची, हे खारूचंच डोकं. "भाषण दिलं तर जांभया देतील गं आत्या. आपण दाखवूया." तिने माझ्याकडून दुकानाच्या अख्ख्या दर्शनी बाजूला पडदा शिवून घेतला, काळा, दुहेरी कापडाचा. मधोमध बटण जाईल एवढं गोल काज. त्याची कड मी हाताने बांधली. त्या काजात चष्मेवाल्या काकांनी दिलेली काच बसवली आणि समोरच्या भिंतीवर पांढरी चादर ताणली.

"आणि दिसणार काय?" मी विचारलं.

"रस्ता. उलटा."

"वेड लागलंय तुला," मी म्हटलं आणि शिवत राहिले.

दुपारच्या उन्हात सगळे आले. दादा पहिल्या रांगेत बसला, छत्री मांडीवर आडवी. "तुझ्या भाचीला सांग, लवकर उरक." खारू तोवर बाहेर गेली होती. चित्रात कोणीतरी ओळखीचं हवं म्हणून पिवळाधमक सदरा घालून समोरच्या फुटपाथवर उभी राहणार होती. मी दिवे घालवले, पडद्याच्या कडा दाबल्या आणि काजावरची चिंधी काढली.

आधी काहीच दिसेना. कोणीतरी खोकलं. बूटवाले शेठ म्हणाले, "झोपायला चांगली जागा आहे." मग डोळे अंधाराला सरावले आणि चादरीवर रस्ता आला. रंगांसकट, हलता. दुकानं वरून लोंबत होती, आकाश खाली सांडलं होतं, सायकली छताला चिकटून पळत होत्या. आणि मग बूटवाले शेठ, "अरे, तो माझा नोकर बघा, गिऱ्हाईक उभं आहे आणि हा नाक कोरतोय." हशा पिकला. शेठ मान वाकडी करकरून बघायला लागले.

मी काजापाशी उभी, म्हणजे सगळ्यांच्या मागे. माझं लक्ष दादाकडे. तो चादरीकडे बघतच नव्हता, छत्रीच्या मुठीकडे बघत होता. मग हळूच त्याने मान वर केली. पिवळा सदरा वरून लटकत होता. खारू उन्हात डोळे बारीक करून उभी होती, मधेच केस मागे सारत होती. तिला कुठे माहीत, कोण बघतंय. ती परत आल्यापासून दादाने तिच्या तोंडाकडे सरळ पाहिलं नव्हतं. आता पाहत होता, मान जराही न हलवता.

तेवढ्यात चित्रात एक पांढरी मोटार आली आणि खारूच्या जरा पुढे थांबली. उतरून फुटपाथवर तिच्यासमोर आला तो पार्किंगचा कंत्राटदार. महिनाभर दादाच्या दुकानात चकरा मारणारा, दादा दादा करणारा. आवाज काही आमच्यापर्यंत येत नव्हता, पडदा जाड आणि वर पंखा. तो हातवारे करत होता. खारू मान हलवत होती, नाही, नाही. तो आणखी पुढे सरकला आणि तिच्या नाकासमोर बोट नाचवायला लागला. ती मागे सरकली. आणखी मागे. फुटपाथ संपला, आता रस्ता, आणि तिची पाठ गाड्यांकडे.

"अहो, ती पोरगी..." चष्मेवाले काका अर्धवट उठले.

तिच्या पाठीमागून एक ट्रक गेला. पिवळा सदरा दिसेनासा झाला. ट्रक गेला, आणि ती होती, तिथेच, आणि तो मेला अजून बोट नाचवतच होता.

दादा उठला. त्याची सावली अख्ख्या चादरीवर पडली. छत्री खाली आपटली तरी त्याचं लक्ष नव्हतं. "अध्यक्ष, कुठे निघालात?" शेठनी विचारलं. दादा बाजूच्या दाराने बाहेर पडला. उजेड आत आला आणि रस्ता पुसून गेला. दार लागलं, तसा परत उमटला.

मग दादा चित्रात आला. उलटा, खाली डोकं वर पाय, तरातरा रस्ता ओलांडत. कंत्राटदाराने त्याला बघून हात जोडले, आता आपला माणूस आला म्हणून. दादा दोघांच्या मधे जाऊन उभा राहिला. काय बोलला देव जाणे. फार वेळ नाही बोलला. कंत्राटदाराचे जोडलेले हात सुटले, तो मोटारीत बसला, मोटार चादरीवरून निघून गेली. राहिले दोघंच, वावभर अंतर ठेवून. मी नव्हते ना मधे निरोप द्यायला.

"मतदान उरकून घेऊ," काका म्हणाले. "ठराव आजच द्यायचाय. संग्रहालय हवं असेल त्यांनी हात वर करा." त्यांनी स्वतःचा केला. बाकी कोणी हलेना.

"दादांचं काय ते कळल्याशिवाय मी नाही," शेठ म्हणाले. "आजवर त्यांच्या शब्दाबाहेर गेलो नाही." बाकीच्यांनी माना डोलावल्या. शेळपट सगळे.

माझं डोकं फिरलं. मी पडद्याची कड उचलली आणि बाजार ऐकेल अशी ओरडले, "दादा, हात वर करायला सांगताहेत. तुझं काय ते बोल, सगळे बघताहेत." आणि कड सोडून दिली.

रस्ता परत उमटला. दादा काजाकडे तोंड करून उभा होता, थेट आमच्याकडे. मग त्याचा उजवा हात हलला, आणि खारू झटकन बाजूला झाली, खांदा वर घेऊन. शिकायला घर सोडून निघाली त्या दिवशी त्याच हाताने तिच्या कानाखाली वाजवली होती. ते मी बघितलं होतं. हात तिच्या अंगावर गेला नाही. सरळ झाला आणि तसाच राहिला.

"खाली केला," शेठ म्हणाले. "हात खाली केला. म्हणजे नको."

"खालीच आहे," मागून कोणीतरी म्हणालं. "संपला विषय."

"अहो शहाण्यांनो," मी म्हटलं, "तुमचं दुकान काय डोक्यावर उभं आहे का? उलटं आहे सगळं. खाली दिसतोय म्हणजे वर आहे."

शेठनी मान वाकडी केली, आणखी वाकडी केली, जवळजवळ खुर्चीतून पडले. "वर आहे," ते पुटपुटले. "खरंच वर आहे की." आणि त्यांचा हात गेला. मग शेजारचा, मग मागचे, मग सगळेच, काही तर दोन्ही हात वर करून. काका मोजायला लागले.

पण एवढे हात उजेडाच्या मधे आले आणि चादरीवर नुसत्या पंजांच्या सावल्या पसरल्या. रस्ता गेला, दुकानं गेली, दादा गेला. शेवटचं मला एवढंच दिसलं की पिवळा सदरा त्याच्या दिशेने हलला होता.

"हात खाली घ्या," मी ओरडले. "खाली घ्या आधी. माझी माणसं दिसेनात मला."