मूळचं नाव हेमलता

मित्रांनो, मी एक जुना फोल्डर आहे, गाझियाबादच्या एका ऑफिसातल्या लॅपटॉपमध्ये राहतो. डायलिसिस केंद्रात रुग्णांच्या पाळ्या लावणारा प्रोग्राम माझ्यात आहे. तो प्रोग्राम लिहिणाऱ्या हेरंबने सर्व्हरवरच्या मूळ संग्रहावरून माझी नक्कल उतरवली, तेव्हा केंद्रातले लोक त्याचं नि माझं फार कौतुक करत. पुढे हेरंब नोकरी सोडून गेला. कुणीतरी माझं नाव बदलून 'पाळ्या-नवीन' केलं आणि मला विसरून गेलं.

दिवाळीच्या तोंडावर प्रोग्राम बिघडला. केंद्राच्या पडद्यावरची नावं पुसली गेली, आणि नाव नसेल तर मशीन मिळत नाही. आमच्या ऑफिसातल्या सुनेत्राच्या घराशेजारी राहणाऱ्या प्रभाकाकू सकाळपासून केंद्राच्या बाकावर बसून होत्या. पाय सुजलेले, श्वास जड झालेला.

सुनेत्राने माझ्यातली चूक दुरुस्त केली. पण केंद्राचा संगणक बदल घेतो तो फक्त मूळ संग्रहातून, आणि मूळ कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तिने 'पाळ्या' म्हणून सगळा सर्व्हर धुंडाळला. हेरंबचा फोन बंद होता.

"सर्व्हरची दिवाळी-सफाई उरकतो," शेजारच्या टेबलावरून तिचा सहकारी धीरज म्हणाला. "इथे 'हेमलता' म्हणून काहीतरी पडलंय. हेरंबच्या आईचं नाव ना? घरचे फोटो असतील. उडवू?"

"उडव रे, काय हवं ते उडव."

मी आतून तडफडत होतो. मूळचा पत्ता माझ्या पोटातच होता, पण विचारल्याशिवाय मला बोलता येत नाही.

तेवढ्यात काकूंचा फोन आला. "सुनेत्रा, माझं नावच नाही म्हणतायत. घरी जाऊ का गं?"

"नाही काकू, बिल्कुल उठू नका." फोन ठेवून तिने डोकं धरलं.

"नावाने काय शोधतेस यार," धीरज म्हणाला. "फोल्डरचं नाव तर आपणच बदललेलं. त्या फोल्डरलाच विचार ना, कुठून आलास म्हणून."

तिने टाइप केलं: git remote -v, म्हणजे 'तुझं मूळ कुठे आहे?'

मी लगेच पत्ता सांगितला. त्याच्या शेवटी एकच शब्द होता, 'हेमलता'.

"धीरज, हात काढ. कशालाही हात लावू नकोस."

बाकीची सफाई उरकून तो नुकताच 'हेमलता'वर आला होता, बोट बटणावरच होतं. ते त्याने हळूच उचललं.

सुनेत्राने बदल मूळ संग्रहात पाठवला आणि दोघंही फोनकडे बघत बसली. बऱ्याच वेळाने तो वाजला.

"नाव आलं गं. आत बोलावतायत."

मित्रांनो, त्या केंद्रातली पहिली पाळी हेरंबच्या आईची होती. माझ्या पहिल्या नोंदीत ते अजून लिहिलेलं आहे. आमची नावं खुशाल बदला. पण जुनं काही पुसायला हात उचललात, तर आधी विचारा, तू कुठला. आम्ही खोटं सांगत नाही.