करदीचं मशीन

दामूने मशीनच्या पोटातला खण ओढला आणि तो हाताला जड लागला. रविवारी रिकामा केला होता, आज बुधवार. एरवी एवढ्या दिवसांत तळही झाकला जात नसे. आता आतली पिशवी काठोकाठ भरली होती आणि वाळूचे ओले गोळे एकमेकांना चिकटून बसले होते. त्याने पिशवीचं तोंड बांधलं, नवी लावली, खण आत ढकलला आणि बाल्कनीतच उकिडवा बसून खिशातून मोबाईल काढला.

मांजर मशीनमध्ये शी-शू करून आलं की मोबाईलवर नोंद व्हायची. किती वाजता गेलं, वजन किती भरलं. काल अकरा वेळा. परवा दहा. महिन्याभरापूर्वी तीन, फार तर चार. वजनाच्या आकड्यांवरून त्याने अंगठा फिरवत नेला. चार किलो शंभर. तीन सहाशे. आज सकाळी तीन किलो वीस.

"काय सांगतंय तुजं मशीन?" आतून हंसाने विचारलं.

"काय नाय. पिशवी बदलली."

हंसा त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा ती सतरा वर्षांची होती, मधली मंगला बाराची आणि दामू नऊचा. चिंचणीच्या किनाऱ्यावर मासळी सुकवून, पाटी डोक्यावर घेऊन गावोगाव विकून तिने दोघांना वाढवलं, मंगलाचं लग्न लावून दिलं. स्वतःचं राहून गेलं. पाच वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. दामूने आपली द्यायची म्हणून तपासण्या केल्या, तर त्यालाच साखर निघाली. मग त्याने बोटीवर जाणं सोडलं, बोईसरला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून लागला आणि डायलिसिसच्या सेंटरपासून चालत जाता येईल अशा दोन खोल्या घेतल्या, तिसऱ्या मजल्यावर. मंगळवार, गुरुवार, शनिवार. त्याचं लग्न झालं नव्हतं, त्यामुळे विचारायचं कुणाला नव्हतं.

सामानाबरोबर मांजरही आलं. अंगणात सुकत घातलेल्या करदीवर, त्या बारीक कोलंबीवर, ती रोज डल्ला मारायची म्हणून तिचं नाव करदी पडलं होतं.

चिंचणीत तिला सगळा किनारा मोकळा होता. इथे दामू गोणीतून वाळू आणून टबात भरायचा आणि हंसा ती साफ करायची. पण हंसाच्या हातातली डायलिसिसची नस दोनदा बंद पडली, तेव्हा डॉक्टरांनी तिच्या मानेजवळ नळी बसवली आणि बजावलं, मांजराच्या घाणीला हात लावायचा नाही, जंतू आत गेला तर जिवावर बेतेल. दामू बारा-बारा तास ड्युटीवर. शेवटी मंगलाच्या मुलीने, दिशाने, पुण्याहून हे मशीन पाठवलं. गोल, पांढरं, वॉशिंग मशीनसारखं. करदी बाहेर पडली की थोड्या वेळाने आतला ड्रम आपणहून फिरायचा, घाण खालच्या खणात पाडायचा आणि उरलेली वाळू पुन्हा सारखी करून ठेवायचा. वाळूही त्याची वेगळी, पाकिटातली. पहिले तीन दिवस करदी आत पाऊल टाकेना. मग हंसाने चिंचणीची मूठभर वाळू त्यात टाकायला लावली, तेव्हा कुठे गेली.

"दोघींना एकेक मशीन," हंसा तेव्हा हसून म्हणाली होती.

गुरुवारी दामूने तिला सेंटरमध्ये खाटेवर पोचवलं. सिस्टर मोनालीने नळ्या जोडल्या, मशीनचा काटा बघितला. आता चार तास तिथे बसून काही करायचं नव्हतं. तो घरी आला, करदीला भाजीच्या झाकणवाल्या टोपलीत घातलं आणि रिक्षाने जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. टोपलीत करदी ओरडलीदेखील नाही.

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी करदीच्या पोटाला हात लावून पाहिला, कातडी चिमटीत धरून सोडली, पुढच्या पायावरचे केस थोडे कापून रक्त घेतलं. दामूने मोबाईल पुढे केला.

"बरं झालं हे आणलंत," त्या आकडे बघत म्हणाल्या. "पाणी खूप पिते का?"

"म्हाईत नाय. घरात माझी बहीण असते. तिला विचारायला पायजे."

तासाभराने रिपोर्ट आला. डॉक्टरबाईंनी कागद त्याच्यासमोर ठेवला, पेनाने दोन आकड्यांखाली रेघ ओढली. त्या बोलायच्या आधीच दामूने आकड्यांशेजारचे शब्द वाचले, युरिया, क्रिएटिनिन. पाच वर्षं दर महिन्याला तो हेच दोन शब्द दुसऱ्या कागदावर वाचत आला होता.

"किडनी," तो म्हणाला.

"हो. मांजरांमध्ये वयानुसार होतं. बरं होणार नाही, पण रोज कातडीखाली सलाईन दिलं तर काही दिवस ओढता येईल."

"किती दिवस?"

"तसं सांगता येत नाही."

सलाईन कसं द्यायचं ते त्यांनी करून दाखवलं. दामूने नीट बघून घेतलं.

हंसाला त्याने काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण दुपारी घरी आल्यावर ती पलंगावर टेकली, करदी तिच्या मांडीत येऊन बसली आणि हंसाने तिचा पुढचा पाय उचलून पाहिला. केस कापलेल्या जागी लहानसा चौकोन दिसत होता.

"रक्त काढलं हिचं?"

दामूने सलाईनच्या बाटल्यांची पिशवी पलंगाखाली सरकवली.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "दिवसाला तीन-तीन वाट्या पाणी संपवते. मी बघत बसते ना."

हंसाला दिवसभरात एकच तांब्या पाणी चालायचं, औषधाच्या घोटांसकट. करदीची वाटी मात्र ती रिकामी दिसली की भरून ठेवायची.

"रोज सलाईन द्यायला सांगितलंय," दामू म्हणाला. "मी शिकून आलोय. सोपं हाय."

त्याच संध्याकाळी त्याने खिडकीच्या गजाला बाटली अडकवली. हंसाने मानेची नळी पदराखाली नीट झाकून घेतली आणि करदीला मांडीवर धरलं. दामूने दोन खांद्यांमधली कातडी उचलून सुई घातली. करदी हलली नाही. भिंतीकडे बघत बसली. कातडीखाली पाण्याचा फुगा वाढत गेला, मग एका बाजूला कलला.

शुक्रवारी पुन्हा. शनिवारी पुन्हा, त्या दिवशी हंसाही चार तास मशीनवर पडून आली होती आणि तिच्याने नीट बसवत नव्हतं, तरी तिने करदीला धरलं. मोबाईलवर वजन तीन किलो नव्वद आलं. दामूने तो आकडा तिला दाखवला.

"सत्तर वाढलं बघ."

"ते पाणी हाय, दामू," ती म्हणाली. "डायलिसिसच्या आधी माझं वाढतं, तसंच."

रविवारी त्याने बाटली अडकवली, सुई काढली आणि करदीला उचलायला वाकला, तर हंसाने तिच्या अंगावर हात आडवा ठेवला.

"पुरे."

"ताय, एक दिवस चुकवायचं नाय असं सांगितलंय."

"पुरे म्हटलं ना."

दामूने सुईला टोपण लावलं. बाटली गजालाच राहिली.

सोमवारी तो ड्युटीवरून आला तेव्हा हंसाने दिवसभरात आपल्या हातांनी भात आणि सुक्या बोंबलाचं कालवण केलं होतं. कितीतरी महिन्यांत ती चुलीपाशी उभी राहिली नव्हती. त्याचं ताट वाढून ती समोर बसली आणि तो अर्धा जेवेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली.

"उद्या सकाळची पाळी घे," मग ती म्हणाली.

"उद्या मंगळवार हाय."

"ठाऊक हाय मला."

दामूचा हात कालवणात थांबला.

"करदी पयल्यांदा कशी बोचकारायची," हंसा म्हणाली. "चिंचणीत कोणाला अंगाला हात लावू द्यायची नाय. आता तीन दिवस सुई टोचली, एकदा पण नख काढलं नाय. मला ते बघवत नाय, दामू." ती थोडं थांबली. "मी पण पाच वर्षं कोणाला नख लावलं नाय."

"असं काय बोलतेस, ताय?"

"शनिवारी मोठ्या डॉक्टरांना विचारून घेतलं, मशीन सोडलं तर काय होतं. तू बाहेर चहाला गेलेलास तेव्हा. त्यांनी सांगितलं सगळं. रागावले नाय. झोप येत राहील म्हणाले."

"किती दिवस?"

"आठ. पंधरा. ते कोण सांगतंय."

बाल्कनीत मशीन फिरायला लागलं. थोड्या वेळाने थांबलं. दामूने ताटातला भात एका बाजूला सारला, पुन्हा मध्ये ओढला.

"मी काय करू मग?" तो म्हणाला. चौपन्न वर्षांच्या माणसाचा तो आवाज नव्हता.

"जेवायचं. कामावर जायचं." हंसाने त्याच्या ताटात आणखी एक बोंबील वाढला. "मंगलाकडे जा पायजे तर. ती ठेवून घेल."

"मी नाय जाणार कुठं."

"मग नको जाऊस."

सकाळी नऊला मोबाईल वाजला. दामू वॉचमनचा शर्ट अंगात घालून उभा होता. फोन सिस्टर मोनालीचा होता.

"काका, ताईंना घेऊन निघालात ना? खाट तयार आहे."

"आज येत नाय," दामू म्हणाला.

"बरं वाटत नाही का? मग उद्या दुपारी घालते कुठेतरी. फार गॅप नको."

"उद्या पण नाय."

"गुरुवारी तरी? काका?"

दामूने हंसाकडे पाहिलं. ती पलंगावर पाय खाली सोडून बसली होती, करदी शेजारी झोपलेली. ती त्याच्याकडेच बघत होती. तिने मान हलवली नाही, हात हलवला नाही.

"तुमच्याकडे नंबर लावून बसलेत ना लोक?" त्याने फोनमध्ये विचारलं.

"हो, आहेत की. तारापूरची एक बाई आहे, दोन महिने वाट बघतेय. पण तुमची जागा आम्ही कशी..."

"तिला द्या."

मग मोनालीने हळूच विचारलं, "ताईंना फोन देता का?"

त्याने मोबाईल हंसाच्या हातात दिला आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मागून हंसाचा आवाज ऐकू येत होता. हो पोरी. नाय, काय दुखत नाय. तुजा हात हलका हाय, मी सगळ्यांना सांगते. बरं. बरं. रडू नको, ड्युटीवर हायस.

फोन बंद झाला. दामू शर्टाची बटणं लावायला लागला. खालपर्यंत आला तेव्हा एक बटण उरलं आणि त्याला काज नव्हतं. तो तसाच बघत राहिला.

"इकडे ये," हंसा म्हणाली.

तो पलंगापाशी जाऊन वाकला. तिने खालपासून एकेक बटण सोडलं आणि वरून पुन्हा लावायला घेतलं. तिच्या बोटांना वेळ लागत होता. त्याने घाई केली नाही.