पुठ्ठ्याची नव्हे, मी खरी लूना

मी एक लूना. दोन पायडल, पिटुकलं इंजिन आणि भलामोठा आवाज, एवढाच माझा संसार. १९७६ साली नागपुरात कौशल्या नर्सनं मला घेतलं आणि महाल ते लकडगंज अशी बाळंतिणींच्या दारोदार माझी पायपीट सुरू झाली. गाडीवर बाई दिसली की इतवारीतले हातगाडीवाले हातातली गाडी सोडून बघत. मला राग येई. पुरुष गाडीवर बसला तर कोणी मान तरी वळवतं का?

कौशल्याला धाकट्या बहिणीला, पंचफुलाला, कॉलेजसाठी नागपुरात आणायचं होतं. पण गावाहून आईची, बायजाबाईंची, चिठ्ठी आली: 'तू गाडी चालवते म्हणतं, मले पटत नाही. फोटो धाड. तू तिथं एकटी निभावून राहिली असं दिसलं, तरच पोरीले धाडीन.'

महालातले फोटोग्राफर कृष्णकांत म्हणजे कोवळ्या उन्हाचे भक्त. "दुपारचं ऊन गाडीले खाऊन टाकते," म्हणत त्यांनी सकाळीच शुक्रवारी तलावावर बोलावलं. मला रॉकेलनं पुसलं. चेपलेला मडगार्ड फोटोत दिसू नये म्हणून मला वळवून तो पलीकडे केला. मग ऊन तिरपं व्हायची वाट पाहत बसले.

"दादा, ड्यूटीले उशीर होऊन राहिला ना!"

"सूर्याले सांग वं बाई! अन् हालू नको."

शेवटी फोटो निघाला. काय दिसले होते मी! खोटं कशाला बोलू, मीही हुरळले.

कौशल्या तशीच पदर खोचून, दातओठ खात पायडल मारत सुटली. मागून कॅमेऱ्याचा आणखी एकदा खट्‌कन आवाज झाला. "गेला वाया!" कृष्णकांत ओरडले.

आठ दिवसांत गावाहून उत्तर आलं. 'फोटो मस्त आहे. पण अशी चकचकीत गाडी जत्रेतल्या फोटोवाल्याजवळ राहते, पुठ्ठ्याची. तुहा बाप बी पुठ्ठ्याच्या इमानात बसला होता. म्हणून का तो उडला? पंचफुला येत नाही.'

मी पुठ्ठ्याची! माझ्या इंजिनाचा जीव जळला.

कौशल्या तडक स्टुडिओत गेली. "दादा, तो वाया गेलेला द्या."

"काहून इज्जत घालवतं माही? धूळ आहे, गाडी हालली आहे, केस पाहा तुये!"

"तोच द्या."

त्या फोटोत माझा चेपलेला मडगार्ड होता, धूळ होती आणि कौशल्याचा कावलेला चेहरा होता. यावेळी उत्तर कागदावर आलं नाही. पेटी घेऊन पंचफुलाच दारात उभी राहिली. "माय म्हणे, कामाले उशीर झाला की माही पोरगी अशीच दिसते."

आज दहा वर्षं झाली. माझा रंग उडालाय, आवाज मात्र तेवढाच आहे. आता मला पंचफुला दामटते. ती कॉलेजात शिकवते आणि रोज उशिरा निघते. काल तिनं कॅमेरा आणला, मला पुसलं, कोवळ्या उन्हात उभं केलं आणि मडगार्ड पलीकडे फिरवू लागली.

बाई गं, तो अलीकडेच असू दे. त्याच्यामुळेच तू इथं आहेस.